डिपस्टिकची नळी गळते तेव्हा

इंजिन बदलून गाडी पहिल्यांदा सुरू होते तेव्हा सगळ्यांचे कान आवाजाकडे लागलेले असतात. तेलाचा डाग दोन-तीन दिवसांनी दिसतो. तो बहुतेक वेळा मागच्या बाजूला, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे असतो, आणि संशय थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलवर जातो. ते सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. माझी कळकळीची विनंती आहे, तो उतरवण्याआधी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाच्या, कडेला हात घालून डिपस्टिकच्या (तेलाची पातळी पाहायच्या सळईच्या) नळीच्या बुंध्यावरून एकदा बोट फिरवा. तिथून पाझरलेलं तेल ब्लॉकवरून खाली ओघळतं, गाडी चालताना हवेच्या झोताने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या कडेवर येऊन थेंब धरतं. थेंब पडतो त्याच जागी गळती असेल, असं नाही.

नळी दिसायला अगदी साधी: पोलादाची, बोटापेक्षा बारीक, खालचं टोक ब्लॉकच्या किंवा त्याखालच्या, तेल साठवणाऱ्या चेंबरच्या भोकात. काही इंजिनांत या टोकाला रबरी ओ-रिंग असते. पण पुष्कळ इंजिनांत नळी नुसती ठोकून बसवलेली असते. भोकापेक्षा नळी केसभर जाड, आणि त्या केसभर फरकाने आलेली पकड हेच तिचं सील. खालून थोड्या अंतरावर नळीला एक फुगीर कडं असतं, ते भोकाच्या तोंडाशी टेकलं की नळी पुरेशी आत गेली. वरच्या टोकाजवळ एक पट्टी असते आणि ती इंजिनाच्याच एखाद्या बोल्टखाली पकडलेली असते.

इंजिन बदलताना या सगळ्याचीच उलथापालथ होते. जुनी नळी उपटताना पकडीने पिळली जाते आणि तिचा गोलपणा जातो. नव्या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा पाइपांचा जोड) वेगळा असला की पट्टीचं भोक बोल्टसमोर येत नाही. कधी बाजूच बदलते. शेव्रोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनात १९७९पर्यंत डिपस्टिक डाव्या अंगाला होती, १९८०पासून ती उजवीकडे गेली. जुन्याच्या जागी नवं बसवणाऱ्याला चेंबरही त्याच बाजूचं लागतं. अशा ओढाताणीत नळी कशीबशी बसवली जाते, पट्टी लोंबकळत राहते आणि बुंध्याशी सिलिकॉनचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी लगद्याचा, एक गोळा थापला जातो. महिनाभराने तो सुटतो. पुन्हा गोळा, पुन्हा गळती.

गोळा सुटतो तो चिकटपणा कमी पडला म्हणून नव्हे, नळी हलत असते म्हणून. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा हादरा बसतो. मिनिटाला १,६०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ५३ हादरे. आता साडेनऊ मिलिमीटर जाडीची, पातळ भिंतीची, ४० सेंटिमीटर लांब पोलादी नळी घ्या. खालचं टोक घट्ट, वरचं मोकळं. टिचकी मारली तर ती सेकंदाला साधारण ५४ वेळा झुलेल. दोन आकडे जुळले की अनुनाद होतो: झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेल्या छोट्या छोट्या धक्क्यांनी तो उंच जावा, तशी नळी दर हादऱ्यागणिक जास्त डोलू लागते. आणि १,६०० फेरे हा काही क्वचित येणारा वेग नाही, गाडी रोज तिथून जाते.

याच नळीचं वरचं टोक पट्टीने पकडलं तर झुलण्याचा वेग जवळपास साडेचार पट होतो, सेकंदाला २३०च्या पुढे. तो गाठायला इंजिनाला मिनिटाला सात हजार फेरे करावे लागतील. प्रत्यक्षात बुंधा पूर्ण ताठ नसतो, त्यामुळे आकडे थोडे खाली येतात, पण तात्पर्य तेच: पट्टी नळीला नुसतं धरून ठेवत नाही, तिची लयच इंजिनाच्या हाताबाहेर नेते. म्हणून गळतीच्या दुरुस्तीत पहिला मान मी पट्टीला देतो, सीलंटला नाही.

ही पट्टी इंजिनालाच बांधायची, गाडीच्या सांगाड्याला कधीच नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि प्रत्येक वेळी गॅस दिला की ते थोडं कलतं. सांगाड्याला बांधलेली नळी दर वेळी बुंध्यातून उचकटली जाईल. भोक जुळत नसेल तर नळी वाकवून बोल्टपर्यंत ओढू नये. नवी पट्टी कापावी, किंवा रबरी अस्तराचा धातूचा क्लॅम्प घालावा. बोल्ट आवळण्याआधी नळी आपल्या जागी निवांत उभी असली पाहिजे. मॅनिफोल्डपासून तिला जितकं दूर ठेवता येईल तितकं ठेवावं. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ठिबकलं तर धूर होतोच, आगही लागू शकते.

आता फट. तेलाला बाहेर यायला भलंमोठं छिद्र लागत नाही. ०.०५ मिलिमीटरच्या फटीत केशाकर्षणाने ते आपोआप १४ सेंटिमीटरपर्यंत चढू शकतं. गरम झाल्यावर ते कितीतरी पातळही होतं. पण इथे एक दिलासा देणारा नियम आहे: अरुंद फटीतून वाहणारं तेल फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतं. फट निम्मी केली की गळती आठव्या हिश्शावर येते. म्हणूनच अंडाकृती झालेली नळी टाकून नवी, गोल नळी घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय ठरतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी एक गोष्ट घडते. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे इंजिन ८० अंशांनी तापलं की भोक नळीपेक्षा आठ-नऊ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जास्त मोठं होतं. थंड असताना कोरडं आणि तापल्यावर ओलं, अशी तक्रार असेल तर हे कारण तपासावं. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकमध्ये हा फरक जवळजवळ नसतो.

ठोकून बसवायच्या नळीला मी सिलिकॉन लावत नाही, हिरवं रिटेनिंग कंपाउंड लावतो, म्हणजे एकमेकांत घट्ट बसणारे धातूचे भाग जखडणारा द्रव. त्यामागचं रसायन फार देखणं आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असा एक द्रव सापडला होता की तो हवेत पातळ राही आणि हवा तुटली की घट्ट होई. मात्र तो टिकवायचा तर त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावं लागे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३मध्ये तो बाटलीत टिकेल असा केला. आजही या बाटल्या हवा झिरपू देणाऱ्या प्लास्टिकच्या असतात आणि काठोकाठ भरत नाहीत. ऑक्सिजन असेपर्यंत रेणूंची साखळी जुळायला सुरुवातच होत नाही. द्रव दोन धातूंमधल्या फटीत गेला की ऑक्सिजन संपतो, लोखंडाचे आयन अभिक्रिया पेटवतात आणि फट कडक प्लास्टिकने भरते. बाहेर ओघळलेला थेंब मात्र ओलाच राहतो, तो पुसून टाकता येतो.

सिलिकॉनचं गणित नेमकं उलटं. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. घट्ट फटीच्या तळाशी ओलावा पोचायला वेळ लागतो. शिवाय आत ढकललेला जास्तीचा लगदा तुटून चेंबरमध्ये पडला तर तेल ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, आणि ते गळतीपेक्षा कितीतरी वाईट. ओ-रिंगच्या नळीला मात्र यातलं काहीच नको. नवी, तेलाला टिकणारी रिंग, तिच्यावर बोटभर तेल, आणि नळी सरळ दाबायची. जुनी रिंग एका बाजूने चपटी झालेली असते, ती परत वापरू नये.

कुठलंही सीलंट लावताना जागा कोरडी हवी. इथेच बहुतेकांची घाई नडते. भोकात जुन्या तेलाचा पातळ थर असतो आणि त्यावर काहीच धरत नाही. ब्रेक क्लीनरने दोन्ही भाग धुऊन घ्यावेत, कचरा आत पडणार नाही हे पाहावं, फुगीर कड्यावर टेकेल असं काही धरून नळी हलक्या ठोक्यांनी बसवावी आणि एक पूर्ण दिवस इंजिन सुरू करू नये.

एवढं करूनही नळीच्या वरच्या तोंडातून तेल येत असेल, डिपस्टिक आपोआप वर उचलली जात असेल, तर दोष नळीत नाही. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू सतत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, निसटतो. त्याला बाहेर काढणारी पीसीव्ही व्हॉल्व्हची वाट मोकळी असेल, तर शांत वेगात आत हलकी ओढच असते. इंजिन बदलताना होज जुळला नाही म्हणून ते तोंड बूच मारून बंद केलं, की दाब साठतो. नळीचं टोक तेलात बुडालेलं असेल तर वातावरणाच्या दाबाच्या केवळ शंभराव्या हिश्शाने तेल नळीत १२ सेंटिमीटर चढतं, पाच पटीने ६० सेंटिमीटर. म्हणजे नळीच्या तोंडाबाहेर. रिंगा झिजल्या असतील तर, गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन असेल तर, हेच घडतं, आणि तेव्हा कुठलंही सीलंट कामाचं नाही.

उगम नक्की करायचा तर इंजिन धुवून, सुकवून, तेलात चमकणारा रंग मिसळावा, थोडं चालवावं आणि अतिनील दिव्याखाली पाहावं. सगळ्यात वरचा चमकता बिंदू शोधायचा.

शेवटचं काम बरेच जण विसरतात. नळी बदलली, कापली किंवा वेगळ्या खोलीवर बसली, तर डिपस्टिकवरच्या जुन्या खुणा खोट्या ठरतात. गाडी सपाट जागी ठेवून, चेंबर पूर्ण रिकामं करून, फिल्टरसह जितकं तेल लागतं तितकं मोजून ओतावं. पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करावं, तेल खाली उतरू द्यावं आणि मग डिपस्टिक पुसून, पूर्ण आत घालून, बाहेर काढावी. जिथपर्यंत ती ओली असेल तिथे कानशीने नवी रेघ ओढावी.