न लागलेली जोड : हेवीवेट बॉक्सिंगच्या न झालेल्या लढतींची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे बॉक्सिंगचे शौकीन एकत्र बसले की गप्पा झालेल्या लढतींवरून सुरू होतात आणि न झालेल्यांवर येऊन रंगतात. लास वेगासची शनिवार रात्रीची लढत आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते. ती संपून चहा आला, की मुहम्मद अली विरुद्ध माइक टायसन निघालंच म्हणून समजा. ‘टायसनना एक ठोसा बस शे,’ एकजण म्हणतो. दुसरा अलीच्या पायांची चपळाई काढतो. जेवायची वेळ टळून जाते.

आपल्या खान्देशात यात्रेची दंगल बघत माणसं मोठी होतात, त्यामुळे या वादाला धार येते. दंगलीत मल्ल आखाड्याला फेरी मारतो, पंच दोघांचे हात धरून अंगलट ताडतात, इनाम पुकारलं जातं आणि जोड तिथल्या तिथे लागते. इनाम स्टीलचं भांडं असो की रोख रक्कम, निकाल गावासमोर लागतो. बॉक्सिंगमधल्या हेवीवेट या सगळ्यात वजनदार गटाच्या किताबाची जोड मात्र बंद खोलीत ठरते आणि पुष्कळदा तिथेच मोडते.

या वादात दोन निराळ्या गोष्टींची नेहमी सरमिसळ होते. अली-टायसन ही जोड काळानेच लावली नाही. एक उतरला तेव्हा दुसरा अजून चढायचा होता. दुसऱ्या प्रकारात दोघंही एकाच वेळी ऐन भरात होते, पण कोणीतरी आडवं आलं. खरा इतिहास या दुसऱ्या प्रकारात आहे.

पहिल्या प्रकाराचं वेड मात्र जुनंच. १९६७ मध्ये अमेरिकेत मरे वोरोनर या निर्मात्याने जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती संगणकात घालून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली. तीत अली जिम जेफ्रिज या जुन्या विजेत्याकडून हरला. अली भडकला, कोर्टात गेला. शेवटी तडजोड होऊन १९६९ मध्ये त्याची आणि रॉकी मार्सियानोची ‘लढत’ चित्रित झाली. मार्सियानो १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झालेला. त्याने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला. शेवट वेगवेगळ्या तऱ्हेने चित्रित झाले. १९७० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानोला तेराव्या फेरीत जिंकताना पाहिलं. पण तो स्वतः आधीच्या ऑगस्टमध्ये विमान अपघातात गेला होता. शिवाय हेवीवेटला वजनाची वरची मर्यादा नाही. मार्सियानो ८५ किलोच्या आसपास, लेनॉक्स लुईस ११० च्या पुढे. अशा तुलनेतून निकाल कसा काढणार?

अडवलेल्या जोडींमध्ये माझ्या मते सगळ्यात मोठं नाव हॅरी विल्स या कृष्णवर्णीय बॉक्सरचं आहे, आणि आपल्याकडच्या गप्पांत ते जवळपास कधीच निघत नाही. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९०८ च्या डिसेंबरमध्ये सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाला. ४ जुलै १९१० ला रीनोमध्ये त्याने जेफ्रिजला लोळवलं, तर अमेरिकेतल्या कित्येक शहरांत दंगे उसळले, माणसं मेली. १९१५ मध्ये हवानात जेस विलार्डने जॉन्सनला हरवलं आणि दार लागलं ते लागलंच. किताबासाठी पुन्हा कृष्णवर्णीय बॉक्सर उभा राहिला तो थेट १९३७ मध्ये, जो लुई.

मधल्या २२ वर्षांत विल्ससारख्यांनी करायचं काय? ते एकमेकांशीच लढत राहिले. सॅम लँगफर्डशी विल्सने डझनाहून जास्त लढती केल्या. आणि लँगफर्डची कथा तर आणखी कडू : १९०६ मध्ये जॉन्सनने त्याला हरवलं होतं, पण विजेता झाल्यावर जॉन्सनने स्वतःही त्याला किताबाची संधी दिली नाही.

१९१९ पासून किताब जॅक डेम्प्सीकडे होता. त्याने विल्सशी लढावं ही मागणी वर्षानुवर्षं होत राहिली. प्रमोटर टेक्स रिकार्ड टाळत राहिला. रीनोची लढत त्यानेच भरवली होती आणि नंतरचे दंगे तो विसरला नव्हता. १९२५ मध्ये मिशिगनमधल्या नाइल्स गावी करारावर सह्या झाल्या, पण डेम्प्सीला ठरलेली रक्कम मिळाली नाही आणि करार मोडला. विल्सच्या हाती ५० हजार डॉलर आले, लढत नाही. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने आधी विल्सशी लढा असा आग्रह धरला, तर डेम्प्सीची जीन टनीशी ठरलेली लढत फिलाडेल्फियाला गेली. तिथे लाखावर प्रेक्षकांसमोर डेम्प्सी हरला. विल्स तोवर पस्तिशी ओलांडून गेला होता. डेम्प्सी भित्रा होता असं मला वाटत नाही. पण विल्सवर अन्याय झाला, यात शंका नाही.

कुस्तीच्या जाणकारांना असंच दुखणं ठाऊक आहे. १९१० मध्ये लंडनला गेलेल्या गामा पहिलवानाची अमेरिकन विजेता फ्रँक गॉचशी कधीच गाठ पडली नाही.

पुढे कारणं बदलली. क्युबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनने १९७२, १९७६ आणि १९८० ही तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली. अलीशी लढण्यासाठी त्याला लाखो डॉलर देऊ केले गेले. पण क्युबात व्यावसायिक खेळाला बंदी होती, आणि त्याने देश सोडला नाही. इथे ऑलिंपिकच्या तीन फेऱ्या आणि अलीच्या पंधरा फेऱ्या हा फरक वाद घालणारे हमखास विसरतात.

रिडिक बो आणि लेनॉक्स लुईस यांच्यात असा कुठलाच आडपडदा नव्हता. १९८८ च्या सोल ऑलिंपिक अंतिम फेरीत लुईसने बो याला दुसऱ्या फेरीत थांबवलं होतं. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये बो विजेता झाला आणि लुईस पुढचा दावेदार. महिनाभरात बोने लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी या संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, म्हणजे लुईसशी लढण्याऐवजी तो सोडूनच दिला. पट्टा लुईसला मिळाला. व्यावसायिक रिंगणात ते दोघे कधी समोरासमोर आलेच नाहीत. पैशांची वाटणी, निरनिराळ्या संघटना, प्रत्येकीचा आपला पट्टा आणि आपला दावेदार : तेव्हापासून जोड मोडायला एवढं पुरतं.

व्हिताली आणि व्लादिमिर या क्लिच्को बंधूंची गोष्ट वेगळी; दोघेही हेवीवेट विजेते. एकमेकांशी लढणार नाही, असा शब्द त्यांनी आईला दिला होता. त्यावर वाद घालू नये.

२०२१ मध्ये चारही मोठे पट्टे टायसन फ्युरी आणि अँथनी जोशुआ या दोन ब्रिटिशांत वाटलेले होते. सौदी अरेबियात ऑगस्टमध्ये लढत ठरली. तेवढ्यात लवादाने निर्णय दिला, की फ्युरीने आधी डिऑन्टे वाइल्डरशी तिसरी लढत द्यायची. सप्टेंबरमध्ये जोशुआ ओलेक्सांद्र उसिककडून हरला, आणि त्याचे तिन्ही पट्टे गेले.