मॉर्गन, रॉबर्ट नाइट

(३१ जुलै १९१८ – १५ मे २००४). दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बाँबफेकी वैमानिक व नंतरचे व्यावसायिक. जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल येथे, फर्निचर उत्पादकांच्या घरात. ‘मेम्फिस बेल’ या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानाचे कप्तान एवढीच त्यांची ओळख सर्वत्र दिली जाते. तिच्यामुळे त्यांचे अर्धे युद्ध आणि पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य झाकले गेले आहे.

विमानाचे नाव त्यांची तेव्हाची वाग्दत्त वधू, मेम्फिसची मार्गारेट पोल्क, हिच्यावरून पडले. ते लग्न मात्र झाले नाही. नोव्हेंबर १९४२ पासून इंग्लंडमधील बॅसिंगबोर्न तळावरून मॉर्गन दहा जणांच्या तुकडीसह जर्मनी व व्याप्त फ्रान्सवर भर दिवसा हल्ले करीत. लक्ष्यापर्यंत साथ देऊ शकतील अशी लढाऊ विमाने तेव्हा नव्हती आणि हानी भयंकर होती. पंचवीस मोहिमा पार पाडणाऱ्याला घरी पाठवीत. मॉर्गन यांची पंचविसावी मोहीम १७ मे १९४३ रोजी फ्रान्समधील लोरियाँच्या जर्मन पाणबुडी तळावर झाली. हा टप्पा गाठणारे ‘मेम्फिस बेल’ हे पहिलेच विमान, असे आजही सर्रास छापले जाते. ते खरे नाही. ‘हेल्स एंजल्स’ या दुसऱ्या बी-१७ विमानाने तो काही दिवस आधीच ओलांडला होता. मायदेशी परतून देशभर फिरल्यामुळे आणि चित्रपट-दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या १९४४ च्या माहितीपटामुळे प्रसिद्धी ‘बेल’च्या वाट्याला आली.

घरी राहण्याचा हक्क कमावलेला हा माणूस पुन्हा युद्धावर गेला, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत लक्षणीय पान. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅसिफिकमधील सायपान बेटावरून टोकियोकडे निघालेल्या शंभराहून अधिक बी-२९ बाँबफेकी विमानांच्या अग्रभागी मॉर्गन यांचे ‘डॉन्टलेस डॉटी’ होते. एप्रिल १९४२ मधील अमेरिकन वैमानिक डूलिटल यांच्या हल्ल्यानंतर टोकियोवर झालेला हा पहिलाच बाँबहल्ला. पॅसिफिकमध्ये त्यांनी २६ मोहिमा केल्या.

युद्धानंतर ते घरच्या फर्निचर धंद्यात परतले आणि पुढे ॲशव्हिलमध्ये त्यांनी फोक्सवॅगन मोटारींची एजन्सी चालवली. जर्मनीवर बाँब टाकलेल्या माणसाने जर्मन मोटारी विकाव्यात, यातून युद्धोत्तर अमेरिकेचे बदललेले जग कळते. चरित्रलेखनात मात्र त्याला एखादे वाक्यच मिळते. राखीव दलातून ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. ‘मेम्फिस बेल’ १७ मे २०१८ पासून ओहायोतील डेटनच्या हवाई दल संग्रहालयात प्रदर्शित आहे.