प्रवासाची झूम लेन्स : आधी २४ बघा, मग २००

मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस लेन्सबद्दल पहिला प्रश्न विचारतो, "झूम किती आहे?" त्याच्या डोळ्यांपुढे लांबचं काहीतरी असतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचं काळवीट, किंवा सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या अलीकडच्या काठावरून दिसणारं मंदिराचं शिखर. मग लेन्सवरच्या दोन आकड्यांपैकी (जसे २४-२००) उजवीकडचा जितका मोठा, तितकी लेन्स चांगली असं वाटू लागतं. माझं मत अगदी उलट आहे. प्रवासासाठी छोटी, हलकी झूम घ्यायची असेल तर डावीकडचा आकडा आधी वाचावा आणि तडजोड करायचीच झाली तर ती उजवीकडे करावी. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. त्यामागे साधी भूमिती आहे.

लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते ती फोकल लेंग्थ. ती लहान असली की सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) जास्त रुंद दृश्य मावतं, मोठी असली की अरुंद. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. समोरची भिंत दहा मीटरवर असेल तर २४ मिमी लेन्समध्ये तिची १५ मीटर रुंदी येते, २८ मिमीमध्ये १३ मीटरपेक्षा थोडी कमी, आणि २०० मिमीमध्ये फक्त १.८ मीटर. २४ आणि २८ यांतला फरक चारच मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळाच्या हिशेबाने २४ मिमीच्या चौकटीत जवळजवळ ३६ टक्के जास्त दृश्य मावतं. उजव्या टोकाला मात्र २०० चे २०४ झाले तर फोटोत ते कळणारसुद्धा नाही. डावीकडचा एकेक मिलिमीटर मोलाचा असतो तो यामुळे.

सोलापुरात संक्रांतीच्या सुमाराला भरणारी गड्ड्याची यात्रा घ्या. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक, त्यांच्यातून डुलत येणारे सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या), आणि तुम्ही गर्दीत खांद्याला खांदा लावून उभे. नंदीध्वज पायथ्यापासून टोकापर्यंत एका चौकटीत घ्यायचा तर मागे सरकायला हवं, आणि मागे सरकायला जागाच नसते. अशा वेळी कॅमेरा उभा धरला आणि लेन्स २४ वर असली तर दहा मीटरवर १५ मीटर उंची मावते. विजापूरच्या गोलघुमटात घुमटाखाली उभं राहिल्यावर किंवा जुन्या वाड्याच्या चौकातही हीच अडचण येते. जे दृश्य सेन्सरवर पोचलंच नाही ते नंतर कुठूनही आणता येत नाही. तीनचार फोटो जोडून रुंद दृश्य करता येतं हे खरं, पण ते स्थिर इमारतीचं. चालत्या मिरवणुकीत एका फोटोतला माणूस पुढच्या फोटोत दुसरीकडेच गेलेला असतो.

लांबच्या टोकाला इतकं नुकसान होत नाही. समजा तुमची लेन्स ७० मिमीपर्यंतच जाते आणि तुम्हाला १०५ मिमीचं दृश्य हवं होतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला भाग कापून घेतला तरी साडेदहा मेगापिक्सेलच्या वर काहीतरी उरतं. ए-४ आकाराची सुबक प्रिंट काढायला तेवढं पुरतं. उजवीकडची उणीव अशी काही प्रमाणात भरून निघते.

आता दुकानात फसगत होऊ नये म्हणून एक हिशेब. सगळ्या कॅमेऱ्यांचे सेन्सर सारखे नसतात. एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे फोकल लेंग्थला १.५ ने गुणायचं (कॅननमध्ये १.६ ने), मायक्रो फोर थर्ड्समध्ये २ ने. म्हणजे एपीएस-सीवरचे १६ मिमी हे फुल फ्रेमच्या २४ मिमीइतकं दृश्य देतात, आणि १८ मिमी २७ इतकं. मायक्रो फोर थर्ड्समध्ये १२ म्हणजे २४ आणि १४ म्हणजे २८. म्हणून १६-५० आणि १८-५५ या लेन्स कागदावर जवळपास सारख्या दिसल्या तरी प्रवासात सारख्या नसतात.

लेन्स आटोपशीर करताना कंपन्या काय सोडतात ते बघण्यासारखं आहे. सोनीची फुल फ्रेमसाठीची २८-६० फक्त १६७ ग्रॅमची आहे. कॅननची एपीएस-सीसाठीची १८-४५ तर १३० ग्रॅमची, पण तिची सुरुवात होते ती २९ मिमीइतक्या दृश्यापासून. दोघींनी रुंद बाजू सोडली. उलट निकॉनच्या १९५ ग्रॅमच्या २४-५० ने आणि पॅनासॉनिकच्या अवघ्या ७० ग्रॅमच्या १२-३२ ने रुंद टोक राखलं आणि लांबचं टोक आखडतं घेतलं. निकॉनची एपीएस-सीवरची १६-५० हीसुद्धा १३५ ग्रॅममध्ये २४ ते ७५ इतका पल्ला देते. माझी पसंती या दुसऱ्या गटाला आहे.

रुंद बाजू सोडण्याचा मोह कंपन्यांना का होतो? कारण रुंद कोनाची झूम बनवणं खरोखर अवघड असतं. झूम लेन्समध्ये भिंगांचे गट असतात. एक गट पुढेमागे सरकून प्रतिमेचा आकार बदलतो, त्यामुळे फोकस ढळतो, आणि तो जागेवर ठेवण्यासाठी दुसरा गट वेगळ्या गतीने सरकवावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर सरळ रेघ सरळ दिसली पाहिजे, रंग फाकता कामा नयेत, कोपरे धूसर होता कामा नयेत. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स, फ्रँक बॅक यांनी रचलेली फोग्टलेंडर झूमार, १९५९ साली आली. तिचा पल्ला होता ३६ ते ८२ मिमी. रुंद म्हणावं असं टोक तिला नव्हतंच.

त्यात आरशाच्या कॅमेऱ्यांची आणखी एक अट होती. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागायची. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये (कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कड्यात) हे अंतर ४६.५ मिमी होतं. चोवीस मिमीच्या साध्या लेन्सला प्रतिमा इतक्या मागे पाडता येत नाही. पिएर आँजेन्यू या फ्रेंच अभियंत्याने १९५० साली यावर तोड काढली. लेन्सच्या पुढच्या बाजूला अंतर्वक्र गुणधर्माचा मोठा भिंगगट बसवून त्याने प्रतिमा मागे ढकलली. तोड उत्तम होती, पण तिने लेन्स लांब आणि जड झाल्या. मिररलेसमध्ये आरसा गेला आणि हे अंतर सोनीत १८, निकॉनमध्ये १६, कॅननमध्ये २० मिमीवर आलं. मागचं भिंग सेन्सरजवळ नेता आलं. सेन्सरला फार तिरपा प्रकाश मानवत नाही, त्यामुळे आँजेन्यूची युक्ती अजून पूर्णपणे सुटलेली नाही, पण रचनेला मोकळीक मिळाली ती मोठी.

दुसरी मोकळीक सॉफ्टवेअरने दिली. आजच्या बऱ्याच छोट्या झूम लेन्स रुंद टोकाला रेघा चक्क बाहेर फुगवतात, आणि फोटो तुम्हाला दिसण्याआधी कॅमेरा त्या ताणून सरळ करतो. या ताणण्यात कोपऱ्यांची थोडी स्पष्टता जाते. काही जाणकारांना हा प्रकार अजिबात पटत नाही. मला मात्र प्रवासासाठी हा सौदा रास्त वाटतो, कारण दिवसभर गळ्यात राहील अशी लेन्सच शेवटी फोटो काढते.

आता प्रकाशाकडे वळू. एफ-क्रमांक म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत येण्याच्या छिद्राचा दृश्य व्यास. २०० मिमीला एफ/२.८ हवं तर हा व्यास ७१ मिमी लागतो, पुढचं भिंग त्याहून लहान असूच शकत नाही. २४ मिमीला त्याच एफ/२.८ साठी ९ मिमीदेखील पुरेत. (रुंद कोनात पुढचं भिंग तरीही मोठं लागतं, पण ते कडेचा प्रकाश आत घ्यायला.) "लांब पल्ला, भरपूर प्रकाश आणि खिशात मावणारी" अशी लेन्स कोणी बनवत नाही, कारण ती बनूच शकत नाही. छोट्या झूममध्ये छिद्र बदलतं असतं. उदाहरणार्थ रुंद टोकाला एफ/३.५, लांब टोकाला एफ/६.३. या दोन टोकांत प्रकाशाचा फरक सव्वातीन पटींचा आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात उभे राहा म्हणजे हा फरक कळेल. वर ट्यूबलाइट, खाली चादरीवरचे गडद रंग, आणि इकडून तिकडे धावणारा धोटा. लेन्समधली किंवा कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा तुमच्या हाताचा कंप सावरते, धोट्याची धाव थांबवत नाही. त्यासाठी शटर वेगवान हवं, म्हणजे प्रकाश जास्त हवा. इथे रुंद टोक पुन्हा कामी येतं. छिद्र मोठं मिळतं, हाताचा कंप फोटोत कमी दिसतो, आणि मागावर वाकलेल्या कारागिराजवळ उभं राहून माणूस आणि माग दोन्ही एका चौकटीत घेता येतात.

अशा अंधाऱ्या जागा तुमच्या प्रवासात वरचेवर येत असतील, हत्तरसंग कुडलसारख्या जुन्या मंदिरांचे गाभारे तुम्हाला खुणावत असतील, तर सगळ्या पल्ल्यावर एफ/२.८ ठेवणारी लेन्स बघावी. सिग्माची एपीएस-सीसाठीची १८-५० एफ/२.८ फक्त २९० ग्रॅमच्या आसपास आहे. ती २७ मिमीइतक्या दृश्यापासून सुरू होते, तेव्हा माझ्याच नियमाला ती मुरड घालते. तरीही लांब टोकाला एफ/६.३ च्या पाचपट प्रकाश देणाऱ्या लेन्ससाठी मी ते तीन मिलिमीटर सोडेन. फुल फ्रेमवर याच छिद्राची सोनीची २४-७० नवी आवृत्तीसुद्धा ६९५ ग्रॅमची आहे, आणि ती घेतली की लहान लेन्सची गोष्टच संपली.

राहिलं ते काळवीट. २८-२०० किंवा २४-२४० अशा लांब पल्ल्याच्या लेन्स मिळतात आणि त्या वाईट नसतात. टॅमरॉनची २८-२०० तर ५७५ ग्रॅममध्ये पुष्कळ काही देते. पण एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या माळावर दुपारी लांबचा फोटो काढून बघा. तापलेल्या जमिनीवरची हवा थराथराने वेगवेगळ्या तापमानाची असते, तापमानागणिक तिचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) बदलतो, आणि हे थर सतत हलत असल्याने प्रकाशकिरण डळमळत येतात. लेन्स जितकी लांब, तितकं हे डळमळणंही मोठं होऊन दिसतं. कितीही महाग काच यावर उपाय करू शकत नाही. उपाय एकच, जमीन तापायच्या आत पहाटे पोचायचं. आणि उजनीच्या पाणवठ्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे तर ४०० मिमीच्या पुढची वेगळी लेन्स लागते. ते काम प्रवासाच्या झूमकडून अपेक्षूच नये.

झूम फिरवताना नळी बाहेर येते तशी लेन्स हवा आत ओढते, हवेबरोबर आपल्याकडची बारीक धूळही. माउंटवर रबरी कडं असलेली लेन्स परवडत असेल तर घ्यावी, नसेल तर निदान धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलू नये.

लेन्स पसंत पडली की पैसे देण्याआधी एक चाचणी नक्की करा. समोरच्या दुकानाचं बंद शटर किंवा विटांची भिंत शोधा, कॅमेरा तिला अगदी समांतर धरा, लेन्स सर्वांत रुंद टोकाला आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवून तीनचार फोटो काढा. एफ/१६ वर ही चाचणी करू नका. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं विवर्तन होतं, म्हणजे तो पसरतो, आणि एका बिंदूचा साधारण २१ मायक्रोमीटरचा ठिपका होतो. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा पिक्सेल साधारण चार ते सहा मायक्रोमीटरचाच असतो, त्यामुळे चांगली आणि सदोष लेन्स दोन्ही सारख्याच मऊ दिसतात. पडद्यावर फोटो मोठा करून चारही कोपरे तपासा. चारही थोडे मऊ असतील तर ती त्या रचनेची मर्यादा. तीन कोपरे स्पष्ट आणि एकच धूसर असेल, आणि प्रत्येक फोटोत तोच धूसर असेल, तर आतलं एखादं भिंग जरासं कललेलं आहे. ते सॉफ्टवेअरने सुधारत नाही. दुकानदाराकडून त्याच लेन्सचा दुसरा नग मागून घ्या आणि त्याचीही हीच चाचणी करा.