मोनॅकोचे सागरी संग्रहालय व मत्स्यालय

मोनॅकोच्या जुन्या गावात, समुद्रात उतरणाऱ्या कड्यावर उभी असलेली संस्था. सागरसंशोधनाला वाहून घेतलेला मोनॅकोचा शासक प्रिन्स पहिला आल्बेर याने ती स्थापन केली. अकरा वर्षे बांधकाम चालल्यावर २९ मार्च १९१० रोजी तिचे उद्घाटन झाले. समुद्राच्या बाजूची तिची भिंत पाण्यापासून ८५ मी. उंच आहे. १९५७ ते १९८८ या काळात फ्रेंच सागरसंशोधक झाक कुस्तो हे येथे संचालक होते.

मत्स्यालय प्रवेशदालनाच्या खालच्या मजल्यांवर, तर संग्रहालय वर आहे. बहुतेक पर्यटक शार्क आणि प्रवाळ पाहून खालूनच परततात. वरच्या दालनातील देवमाशाचा सांगाडा आणि आल्बेरच्या संशोधन मोहिमांतील उपकरणे त्यामुळे राहून जातात, आणि खरे तर तीच या जागेची ओळख आहेत. १९०१ मध्ये त्याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी फायसेलिया या दंश करणाऱ्या सागरी जीवाच्या विषाचा अभ्यास सुरू केला (पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर लागणारे निळे ‘ब्लू बॉटल’ याच गटातले). पुढे पॅरिसमध्ये समुद्रफूल (सी ॲनिमोन) या सागरी प्राण्याच्या विषावर काम करताना त्यांना ॲनाफिलॅक्सिस ही तीव्र ॲलर्जी उमगली. त्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

टाक्यांसाठी समुद्राचे पाणी थेट पंपाने आणले जाते. मत्स्यालय आणि समुद्र यांच्या या थेट संबंधावरून एक वाद गाजला. १९८४ मध्ये संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या उष्णकटिबंधीय शैवालाचा साधारण एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. मत्स्यालयांत वाढवलेला हा वाण थंडीत तग धरणारा होता. तुटलेल्या तुकड्यापासूनही नवे रोप होत असल्याने नांगर आणि जाळ्यांबरोबर तो पसरत गेला आणि समुद्री गवताची कुरणे व्यापू लागला. तो मत्स्यालयातून निसटला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात; संस्थेच्या तत्कालीन धुरिणांना ते मान्य नव्हते.

फ्रान्समधील नीसहून रेल्वेने मोनॅको गाठायला सुमारे पंचवीस मिनिटे लागतात. स्थानकावरून १ किंवा २ क्रमांकाची बस घ्यावी. चालत गेल्यास शेवटी चढ लागतो. भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो, मोनॅकोचा वेगळा नाही. जवळच्या राजवाड्यासमोर ११.५५ ला पहारेबदल असतो, त्यामुळे दुपारच्या सुमारास या भागात गर्दी असते. दार उघडताच आधी खाली उतरावे, मग वर चढत गच्चीपर्यंत जावे. घाई न करता दोन-अडीच तास लागतात. २५ डिसेंबरला आणि मोटारशर्यतीच्या, म्हणजे ग्रां प्रीच्या दिवसांत संग्रहालय बंद असते.

छायाचित्रासाठी फ्लॅश बंद ठेवून फोन काचेला टेकवावा, म्हणजे मागच्या दिव्यांचे प्रतिबिंब येत नाही. तिरक्या कोनातून जाड काचेत मासा पसरट आणि पुसट दिसतो, म्हणून समोरूनच टिपावे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे तो खऱ्यापेक्षा जवळ भासतो. आकाराचा अंदाज चुकतो तो यामुळेच.