‘अननोन प्लेझर्स’ची उदासी आली कुठून?

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी चक्कर मारली की काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेषांची डोंगररांग मिरवणारं कुणी ना कुणी दिसतंच. ते चित्र जॉय डिव्हिजन या इंग्लंडमधल्या बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ या पहिल्या अल्बमचं. १५ जून १९७९ रोजी तो आला. गायक इयन कर्टिसने २३व्या वर्षी आत्महत्या केली, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं, आणि मग सगळी गाणी त्या बातमीच्या सावलीत ऐकली जातात. मला हे अजिबात पटत नाही. गाणी रेकॉर्ड झाली एप्रिल १९७९ मध्ये आणि कर्टिस गेला १८ मे १९८० रोजी. मधल्या वर्षभरात जे घडलं, ते आधीच्या गाण्यांवर का लादायचं?

ही उदासी आधी बँडच्या शहराची, मँचेस्टरची आहे. मँचेस्टर आणि मुंबई यांचं नातं कापसाचं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या आसपासच्या लँकेशायर भागातल्या गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून गासड्या गेल्या. शंभर वर्षांनी त्याच गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. बँडमधले बर्नार्ड समनर आणि पीटर हुक शेजारच्या सॅल्फर्डचे. त्यांच्या लहानपणी तिथल्या कामगारांच्या घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या गेल्या आणि माणसं टॉवरमध्ये हलवली गेली. पोखरण रोडची रेमंड ज्यांनी चालू असताना पाहिली आणि आता तिथले टॉवर पाहतात, त्या ठाणेकरांना हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडे गिरणीचं दुःख कवितेत, नाटकात शब्दांनी आलं. कर्टिसच्या शब्दांत मात्र गिरणी कुठेच नाही. ती ऐकू येते वाद्यांमधल्या मोकळ्या जागेत.

४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते, पण त्यांत समनर आणि हुक होते. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. पुढे कर्टिस आला, नंतर ड्रमर स्टीफन मॉरिस. कर्टिस नोकरी करायचा सरकारी रोजगार कार्यालयात, आणि अपंगांना काम मिळवून देणं हा त्या नोकरीचा भाग होता. तिथे अपस्मार असलेली एक तरुणी यायची. ती यायची थांबली आणि काही काळाने कळलं की ती गेली. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणं तिच्यावरून सुचलेलं आहे. कर्टिसला स्वतःला अपस्मार असल्याचं निदान झालं जानेवारी १९७९ मध्ये, गाणं तयार झाल्यानंतर. म्हणजे ज्याला आपण त्याचं आत्मकथन समजतो, ते मुळात दुसऱ्या माणसाबद्दलचं दुःख आहे.

आता मार्टिन हॅनेट. या अल्बमचं निम्मं श्रेय मी निर्माता म्हणून त्याला देईन. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने मॉरिसकडून एकेक ड्रम वेगळा वाजवून घेतला, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळायला नको. मग प्रत्येक ठोक्यावर डिजिटल डिले, म्हणजे क्षणभर उशिरा येणारा पडसाद, लावला. लिफ्टचा आवाज टिपला, काच फुटल्याचा टिपला. एका गाण्यात कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून घेतला. समनर आणि हुक यांना हे मुळीच आवडलं नव्हतं. स्टेजवर त्यांचा बँड दणदणीत वाजायचा आणि हॅनेटने तो थंडगार करून टाकला, अशी त्यांची तक्रार होती. रात्री उशिरा हेडफोन लावून नुसते ड्रम ऐका. रिकाम्या शेडमध्ये कुणीतरी एकटाच काम करतोय असं वाटतं. हा परिणाम एका माणसाच्या मनःस्थितीतून आलेला नाही, तो टेपवर मेहनतीने बांधलेला आहे.

मुखपृष्ठावरच्या रेषा म्हणजे १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचे, स्पंद, एकाखाली एक मांडलेले. बँडला तो आलेख खगोलशास्त्राच्या कोशात सापडला. मुखपृष्ठ करणाऱ्या पीटर सॅव्हिलने तो उलटवून काळ्यावर पांढरा केला आणि दर्शनी बाजूला ना बँडचं नाव ठेवलं, ना अल्बमचं. (असे पल्सार आजही आपल्याकडे ऐकले जातात. ठाण्याहून माळशेज घाटामार्गे नारायणगावकडे निघालं की खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या लागतात.)

फॅक्टरी रेकॉर्ड्स या छोट्या स्वतंत्र कंपनीने पहिल्यांदा १०,००० प्रती काढल्या. समीक्षकांनी वाखाणलं, पण ब्रिटनच्या खपाच्या यादीत अल्बम तेव्हा आला नाही. तो आला १९८० मध्ये, कर्टिस गेल्यावर, ७१व्या क्रमांकावर. बहुतेक श्रोत्यांपर्यंत गाणी आणि मृत्यूची बातमी अशी एकत्रच पोहोचली, आणि ऐकण्याचा क्रम तेव्हापासून उलटा झाला.