सातभाईंच्या डोळ्यांतलं वय

शेजारची सातवीतली मुलगी परवा आईचा मोबाइल घेऊन आली. आमच्याच परसात तिनं एक फोटो काढला होता. फणसाखालच्या पाचोळ्यात सातभाई चरत होते आणि त्यातले दोघे अगदी खेटून उभे होते. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "काका, ह्याचे डोळे पांढरे नि ह्याचे काळे. पांढऱ्याला मोतीबिंदू झालाय का?"

इतकी वर्षं लोक हा पक्षी बघतात, पण डोळ्यांतला हा फरक फार थोड्यांच्या नजरेत भरतो. बरेच जण फिकट डोळे पाहून 'हा पक्षी कायम रागावलेला दिसतो' एवढंच म्हणतात. तिनं दोन डोळे शेजारी ठेवून पाहिले. शास्त्राची सुरुवात अशीच होते.

मोतीबिंदू नाही, हे त्याच फोटोवरून सांगता येतं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं आणि भिंग असतं बाहुलीच्या मागे. म्हणजे गढूळपणा दिसायचा तर तो बाहुलीत दिसेल. फोटोतल्या पक्ष्याची बाहुली काळीभोर, स्वच्छ होती. पांढरं होतं ते बाहुलीभोवतीचं कडं, शाळेत आपण जिला परितारिका म्हणून शिकलो ती. दुधाळ कडं असलेला पक्षी मोठा आणि काळ्या डोळ्यांचा त्याच घरातला लहान. सातभाईचं पिल्लू उडायला लागलं, आकारानं आईबापाएवढं झालं, तरी डोळे काळपटच राहतात. मग ते हळूहळू करडे होत दुधाळ होतात.

सातभाई म्हणजे मातकट राखाडी अंगाचा, पिवळ्या चोचीचा, वीत-सव्वा वीत लांबीचा पक्षी. शेपूट अशी सैल की मागून कुणी नुसती अडकवून दिल्यासारखी वाटते. कीटक, अळ्या, दाणे, फळं, शेवरी-पांगाऱ्याच्या फुलांतला मध, सगळं खातो. पण बराचसा दिवस जातो जमिनीवर पाचोळा उलथण्यात. फ्रेंच निसर्गअभ्यासक द्युमाँ यांनी १८२३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. छातीवरच्या पुसट रेघांवरून त्याला 'स्ट्रायाटा', म्हणजे रेघांचा, हे नाव मिळालं. आमच्या कोकणातल्या सातभाईची शेपटी तांबूस आणि पंखांची पिसं जास्त गडद असतात. ही उपजाती साइक्स यांनी १८३२ साली नोंदवली. देशावरून आलेले पाहुणे म्हणूनच 'हा वेगळाच दिसतो' म्हणतात, आणि ते बरोबरच असतं.

नावावरून होणारा एक गैरसमज: ते सातच असतात असं नाही. तीनांचाही थवा असतो आणि वीसांचाही. १९७० च्या दशकात अँथनी गॅस्टन यांनी दिल्लीत या थव्यांचा नेटानं अभ्यास केला. त्याच सुमारास बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले अँड्र्यूज आणि नाईक हेही याच पक्ष्यामागे होते. या कामातून जे चित्र उभं राहिलं ते आपल्या जुन्या एकत्र कुटुंबासारखं आहे. थव्याची हद्द ठरलेली, घरटं एकाचं असलं तरी पिल्लांना चारा भरवायला इतर भाऊबंदही येतात. आधीच्या विणीतली पिल्लं पुष्कळदा घरातच राहतात आणि धाकट्यांना वाढवतात. रात्री सगळे एका फांदीवर खेटून ओळीनं झोपतात. अशा घरात कोण मोठा, कोण लहान हे पिसांवरून ओळखणं अवघड. डोळ्यांवरून सोपं.

आता मला खरं सांगायचंय ते हे की डोळा पांढरा होतो कसा.

आपल्याला वाटेल, पांढरा रंग तयार होत असेल. किंवा म्हातारपणी केस पिकतात तसा काळा रंग जात असेल. इथे मूळचा काळा जात नाही, झाकला जातो. परितारिकेचा गडद थर पिल्लातही असतो आणि मोठ्या पक्ष्यातही. पिल्लात त्याच्यापुढे फारसं काही नसतं, म्हणून डोळा काळा दिसतो. वय वाढतं तसे परितारिकेत स्नायूंचे धागे वाढत जातात, दाट होतात आणि मागचा काळा थर त्यांच्याआड जातो. काळ्या पाटीवर पांढरा दोरा एकेक वेढा देत गुंडाळत जावं, तसं. पहिल्या दहा वेढ्यांत पाटी करडी दिसते, शंभरानंतर पाटी दिसतच नाही. धाग्यांच्या त्या दाटीतून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला दुधाळ रंग दिसतो. दूध पांढरं दिसतं तेही असंच. त्यात पांढरा रंग कुणी कालवलेला नसतो, स्निग्धाचे आणि प्रथिनांचे बारीक कण प्रकाश विखुरतात.

थोडक्यात, आपण ज्याला डोळ्याचा रंग म्हणतो तो सातभाईच्या बाबतीत स्नायू आहे. उघड्यावर दिसणारा, काम करणारा स्नायू!

आणि तो स्नायू आपल्या डोळ्यातल्यासारखा नाही. नववीच्या पुस्तकात स्नायूंचे प्रकार होते. दंडातला पट्टकी, आपल्या इच्छेनं हलणारा. आतड्यातला अपट्टकी, आपल्याला न विचारता हलणारा. माणसाच्या बाहुलीभोवतीचा स्नायू अपट्टकी आहे. उजेड वाढला की बाहुली लहान होते, त्यात आपल्याला काही म्हणायचं नसतं. पक्ष्यांच्या परितारिकेत मात्र मुख्यतः पट्टकी स्नायू असतात, सरपटणाऱ्या प्राण्यांसारखेच. त्यामुळे पक्ष्याची बाहुली झटकन लहानमोठी होते आणि उजेड तसाच असतानाही होते. पाळलेला पोपट उत्तेजित झाला की त्याची बाहुली लहानमोठी होताना पाहिली असेल, तीही याच स्नायूंची करामत. २०२१ साली कबुतरांवर झालेल्या एका अभ्यासात तर झोपेतही बाहुलीची चाल सस्तन प्राण्यांच्या उलट निघाली. स्वप्नांच्या झोपेत, जिला रेम झोप म्हणतात, कबुतराची बाहुली पुन्हापुन्हा आकसत होती.

याचा एक पुरावा मला फार सुंदर वाटतो. तो जरा रसायनशास्त्रातला आहे, पण सोडवत नाही. डोळे तपासताना डॉक्टर थेंब घालतात आणि बाहुली मोठी होते. हे थेंब ॲट्रोपिनच्या घराण्यातले. ॲट्रोपिन आपल्या धोतऱ्यातही असतं, म्हणून धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला की दिसणं धूसर होतं. बाहुली आकसण्याचा निरोप मज्जातंतूकडून ॲसिटिलकोलीन हे रसायन आणतं. तो निरोप घेणारे ग्राहक स्नायूच्या पेशीवर असतात आणि त्यांच्या दोन जाती आहेत, मस्करिनी आणि निकोटिनी. आपल्या परितारिकेत मस्करिनी ग्राहक काम करतात, आणि ॲट्रोपिन नेमकं त्यांनाच कुलूप लावतं. पट्टकी स्नायूंवर निकोटिनी ग्राहक असतात, त्यांना ॲट्रोपिन लागू पडत नाही. म्हणून पक्ष्याच्या डोळ्यात ते कितीही घातलं तरी बाहुली मोठी होत नाही. पक्ष्यांच्या डॉक्टरांना वेगळीच औषधं वापरावी लागतात. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला क्युरारे नावाचं जे विष लावत, त्याच्यासारखं काम करणारी. एकाच कामाच्या दोन डोळ्यांना दोन वेगळी कुलपं! अंगावर रेघा म्हणून पक्ष्याचं नाव स्ट्रायाटा ठेवलं, आणि पट्टकी स्नायूलाही लॅटिनातून त्याच शब्दावरून नाव मिळालं. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आठवत राहतो.

आता फोटोकडे. सातभाईच्या मागे धावून फोटो मिळत नाही. थव्यातला एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला बसलेला असतो, तो ओरडला की सगळे एकामागून एक सूर मारत पुढच्या झाडाखाली जातात. त्यापेक्षा त्यांच्या रोजच्या वाटेवर आधी जाऊन बसावं. मी सकाळी नऊच्या आत, जुन्या पोत्यावर पालथा पडतो आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरतो, म्हणजे डोळा डोळ्याला भिडतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत पाठ दिसते, पक्षी दिसत नाही. ते सतत टुणटुण उड्या मारतात, तेव्हा शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास हवं. सगळ्यात मोठी अडचण उजेडाची. झाडाखालचा पाचोळा गडद, त्यामुळे कॅमेरा सगळं चित्र उजळवतो आणि नेमका दुधाळ डोळा जळून पांढराफटक होतो. एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण स्टॉपनं कमी केलं की कड्यातली बारीक छटा टिकते. मोबाइलवर डोळ्याला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली तरी चालतं.

फोटो सलग दहा-बारा काढावेत. पक्ष्याच्या डोळ्यावरून एक तिसरी पापणी आडवी सरकते, निमेषक पटल नावाची. ती मधे आली की डोळा धुरकट येतो, आणि तेव्हाही लोकांना मोतीबिंदूच वाटतो. पुढच्या फोटोत डोळा स्वच्छ असतो. घरट्याजवळ मात्र जाऊ नये. आपल्या वाटेनं मांजर आणि कावळे पोचतात.

पावसाळ्यात काळ्या डोळ्यांची पिल्लं पाहताना एखादं भलतंच दिसतं. डोक्यावर तुरा, अंगानं थोराड, आणि सातभाई त्याला भरवतायत. ते चातकाचं पिल्लू. सातभाईची अंडी निळी आणि चातकाचीही निळी. सातभाईच्या घरट्यात चातक अंडं घालून जातो. पावशाही तेच करतो. चातक फक्त आभाळातून पडणारा थेंब पितो असं आजही गंभीरपणे सांगितलं जातं, दर मृगाला तसे संदेश फिरतात. तसं काही नाही. चातक केसाळ अळ्या खातो, अळीत पाणी भरपूर असतं, आणि तो पावसाबरोबर आपल्याकडे दिसायला लागतो कारण तेव्हाच अळ्या आणि सातभाईंची घरटी दोन्ही असतात. तहानेच्या गोष्टीपेक्षा मला ही घरट्याची गोष्ट जास्त थरारक वाटते.

हे सगळं मी त्या मुलीला एका बैठकीत सांगितलं नाही. मोतीबिंदू नाही आणि काळ्या डोळ्यांचं ते पिल्लू, एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं वहीत रकाने पाडले आहेत: तारीख, पांढरे, काळे. काल चौथा रकाना वाढला. त्यावर लिहिलंय, 'मधले'. त्याखाली एक आकडा, आणि कडेला पेन्सिलीनं गिरवलेलं एक करडं कडं.