टर्न फिन आणि स्पॉन्सन (मॉडेल हायड्रोप्लेन)

शर्यतीच्या हायड्रोप्लेन होडीच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना जे फुगीर पाय काढलेले असतात ते स्पॉन्सन, आणि आतल्या वळणाकडच्या स्पॉन्सनच्या मागे उभे बसवलेले धातूचे पाते म्हणजे टर्न फिन. कोकणातल्या होडीची उलांडी फक्त तोल सांभाळते. स्पॉन्सन होडीला उचलतो. वेग घेतला की जवळजवळ अख्खी होडी पाण्याबाहेर येते आणि तीनच ठिकाणी टेकते: दोन स्पॉन्सनांचे मागचे काठ आणि अर्धा बुडालेला प्रोपेलर.

दोन स्पॉन्सन आणि होडीचा मागचा तळ अशी तीन टेकूंची रचना 1930च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या अ‍ॅपेल कुटुंबाच्या व्हेंटनर कारखान्याने पुढे आणली. 1950 मध्ये सिअ‍ॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर टेड जोन्स यांनी आखलेल्या ‘स्लो-मो-शन 4’ने ताशी 160 मैलांचा विक्रम केला आणि मागची बाजू प्रोपेलरवरच तोलण्याची पद्धत रूढ झाली.

मोठ्या होड्या डावीकडे वळत फेऱ्या मारतात, म्हणून त्यांची फिन डाव्या स्पॉन्सनवर असते. अमेरिकेतल्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेलच्या शर्यती मात्र घड्याळाच्या काट्याच्या दिशेने होतात. त्यामुळे रंगापासून शेपटीपर्यंत हुबेहूब केलेल्या प्रतिकृतीतही फिन मूळ होडीच्या उलट, म्हणजे उजव्या बाजूला दिसते.

वळताना होडी बाहेरच्या बाजूला घसरू पाहते. नुसत्या सुकाणूने नाक वळते, पण होडी आडवी वाहत जाते. तिला अडवते ती फिन. मात्र फिनचा जोर पाण्याखाली लागतो आणि होडीचा भार त्याच्या वर असतो, म्हणून होडी बाहेर कलंडून आतला स्पॉन्सन उचलला जातो. यावर उपाय म्हणून पात्याचे खालचे टोक होडीच्या पोटाकडे वळवतात. मग पाण्याचा दाब आत ढकलता ढकलता तोच स्पॉन्सन खालीही ओढतो. एवढ्याशा बाकाने केवढा फरक पडतो! फिन गुरुत्वमध्याच्या फार पुढे गेली तर होडी गर्रकन फिरते, फार मागे गेली तर वळायलाच तयार होत नाही. मोठी फिन पकड देते, पण सरळ मार्गावर एका बाजूने ओढते आणि वेग खाते.

स्पॉन्सनचा तळ पुढे किंचित वर उचललेला असतो, साधारण 2 ते 4 अंश. कोन जास्त झाला की होडी उड्या मारते, कमी झाला की पाण्याला चिकटून चालते. बाहेरची कड तिरपी छाटतात, नाहीतर वळणावर बाहेरचा स्पॉन्सन पाण्यात रुतून होडी उलटते. दोन स्पॉन्सनांमधून आत शिरणारी हवाही होडी उचलते. ही उचल मर्यादेबाहेर गेली की नाक वर येऊन होडी मागे कोलांटते.

मोठ्या होडीची मापे 8ने भागून चांगले मॉडेल होत नाही, हे ठासून सांगायला हवे. 1/8 मापात लांबी आठवा हिस्सा होते, पण त्या मापाने वजन 512वा हिस्सा होते. हवा, पाणी आणि लाटा तेवढ्याच राहतात. 10 सेंटीमीटरची लहर अशा मॉडेलला 80 सेंटीमीटरच्या लाटेसारखी लागते. म्हणून फिन आणि स्पॉन्सन दोन्ही पाण्यावरच जुळवावे लागतात, तेही एका वेळी एकच बदल करून.

जुळवणीआधी कडा तपासाव्यात. स्पॉन्सनच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरून दिव्यासमोर पाहिले की खाचखळगा असेल तिथून उजेड येतो. मागची कड रंगाच्या थराने गोल झाली असेल तर पाणी तिथून सुटत नाही, वळसा घेऊन वर चढते. ती सपाट ठोकळ्यावर पॉलिशपेपर लावून पुन्हा काटकोनी करतात. फिनची पुढची धार कानशीने सुरीसारखी काढतात आणि प्रत्येक फेरीनंतर बोटाने नव्हे, नखाने तपासतात.